जर्मनीहून येणारे बारा डॉलर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. परवा धरमपेठेत घाईत भेट झाली. टॅब्लेटवर चित्र काढायचे तू तयार केलेले ब्रश एका जर्मन बाईला हवे आहेत, १२ डॉलर द्यायला ती तयार आहे, पण तुझ्या साइटवर तिचं कार्ड चालत नाही, असं म्हणालीस. आणि जाता जाता विचारलंस, "काका, अमेरिकेतल्या मावसभावाच्या खात्यावर घेऊ का? तो मला पाठवून देईल." रस्त्यात मी नुसतं "नको" म्हटलं. का नको, ते सांगायला हे पत्र.

मावसभावाने पाठवलेला पैसा बँकेच्या लेखी तुझ्या विक्रीचा नसतो, नातेवाइकाने दिलेला असतो. परदेशातून येणाऱ्या रकमेला बँक एक पर्पज कोड लावते, म्हणजे पैसा कशासाठी आला ते सांगणारा क्रमांक. सॉफ्टवेअर सल्ल्याच्या कामाचा पी०८०२, अनिवासी भारतीयाने घरखर्चासाठी पाठवलेल्या पैशाचा पी१३०१, असे ठरलेले कोड आहेत. मी एक्सेलची टेम्प्लेट विकायला लागलो तेव्हा पहिलं वर्षभर माझ्या बँकेने सगळी रक्कम घरखर्चाच्या कोडखाली जमा केली. खात्यात पैसे येत होते, त्यामुळे मीही बघितलं नाही. पुढे धंद्यासाठी कर्ज मागायला गेलो, तर हे उत्पन्न परदेशी विक्रीचं आहे हे दाखवायला माझ्याकडे एकही कागद नव्हता. जुनी बिलं, ईमेल, स्टेटमेंट जुळवण्यात चार महिने गेले, आणि हंगाम निघून गेला. तुझे चार महिने असे जाऊ नयेत, एवढ्याचसाठी लिहितोय.

म्हणून पहिलं काम, धंद्याच्या नावाने चालू खातं. आईच्या बचत खात्यावर काही घेऊ नकोस. दुसरं, पैसा ज्या मार्गाने येईल त्याला आधी विचार की एफआयआरए मिळेल का, केव्हा मिळेल, त्याचे पैसे लागतील का. एफआयआरए म्हणजे परदेशातून रक्कम आल्याचा दाखला. त्यावर कोड बरोबर आहे ना, हे दर महिन्याला बघ. कमिशन किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता मार्ग. साइटवर कार्डाने पैसे घेऊन देणारी कंपनी म्हणजे पेमेंट गेटवे. भारतीय गेटवेवर परदेशी कार्डं बहुधा सुरुवातीला बंदच असतात, त्यामुळे त्या बाईचं कार्ड चाललं नाही. ती सुरू करून मागावी लागतात, आणि त्याआधी गेटवेवाले तुझी साइट तपासतात: संपर्काचा पत्ता, अटी, पैसे परत देण्याचं धोरण. ही पानं आजच लिहून काढ. पेपाल भारतात १ एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत व्यवहार करत नाही, परदेशी गिऱ्हाइकाकडून मात्र पैसे घेता येतात. स्ट्राइप ही ऑनलाइन पैसे घेऊन देणारी कंपनी २०२४ पासून आपल्याकडे नव्या दुकानदारांना निमंत्रणाशिवाय घेत नाही, तेव्हा तिच्या मागे वेळ घालवू नकोस.

तिसरा मार्ग तुझ्यासाठी मला सगळ्यात बरा वाटतो, म्हणून जरा सविस्तर. काटोल-वरूडकडे संत्र्याचा बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकतात, माहीत आहे ना? तोडणी, गाडी, दूरच्या बाजारातला भाव, सगळं मग त्याच्याकडे. डिजिटल मालात असं काम करणाऱ्या कंपन्यांना मर्चंट ऑफ रेकॉर्ड म्हणतात. पॅडल त्यातली एक, आणि १ जानेवारी २०२५ पासून गमरोडही. कागदोपत्री माल तीच कंपनी विकते. जर्मन बाईच्या पावतीवर विक्रेता म्हणून तिचं नाव येतं, आणि तिथला व्हॅटही तीच भरते. हा व्हॅट फार महत्त्वाचा. युरोपियन युनियनबाहेरच्या विक्रेत्याने तिथल्या सामान्य ग्राहकाला डिजिटल माल विकला, तर पहिल्या विक्रीपासूनच तो लागू होतो, कुठलीही किमान मर्यादा नाही. जर्मनीत दर १९ टक्के, हंगेरीत २७. नागपुरात बसून हा हिशेब एकटीने सांभाळणं मला शक्य वाटत नाही. या कंपन्या कमिशन जास्त घेतात, पण शेकडो गिऱ्हाइकांऐवजी तुझ्या वहीत एकच नोंद राहते. एफआयआरएचा प्रश्न त्यांनाही विचारायचाच.

कमिशनचा हिशेब एकदा स्वतः मांडून बघ. समज, गेटवे ४ टक्के आणि वर ३० सेंट घेतो. १२ डॉलरवर ७८ सेंट झाले, त्या फीवर १८ टक्के जीएसटीचे आणखी १४. उरलेल्या ११.०८ डॉलरचे रुपये करताना बाजारभावापेक्षा ३ टक्के कमी दर मिळाला, तर हातात १०.७५ डॉलरइतके पडतात. आता एक सुटा ब्रश ३ डॉलरला विक. फक्त फीच ४२ सेंट, म्हणजे १४ टक्के. तेव्हा सुटे ब्रश काढून टाक, संच कर. आणि दर ठरवताना जाहिरातीतली फी बघू नकोस. हातात पडलेल्या रुपयांवरून उलटा हिशेब लाव.

जीएसटीचं थोडक्यात: सेवा पुरवणाऱ्याला वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे, मात्र निर्यातही त्या उलाढालीत धरली जाते. नोंदणी झाली की दर आर्थिक वर्षासाठी आरएफडी-११ फॉर्मवर एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरायचं, म्हणजे निर्यातीवर आधी कर भरून मग परतावा मागत बसावं लागत नाही. निर्यात ठरायला सहसा पैसा परकीय चलनात आलेला दिसावा लागतो. इथेही एफआयआरएच कामी येतो.

आणखी एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. आपल्याला कार्ड म्हटलं की ओटीपी आठवतो. बऱ्याच परदेशी कार्डांवर नुसत्या नंबराने पैसे जातात. महिन्या-दोन महिन्यांनी कार्डधारक म्हणतो, हा व्यवहार मी केलाच नाही, आणि त्याची बँक रक्कम ओढून घेते. त्याला चार्जबॅक म्हणतात. फाइल गेलेली, पैसे गेलेले, वर दंडाची फी. म्हणून कोणी कधी काय डाउनलोड केलं याची नोंद ठेव. कार्डाच्या स्टेटमेंटवर तुझ्या दुकानाचं ओळखू येईल असं नाव दिसू दे. अनोळखी नाव दिसलं की लोक घाबरून तक्रार करतात. आणि कोणी नाराज होऊन पैसे परत मागितले, तर वाद न घालता लगेच दे. चार्जबॅकपेक्षा ते स्वस्त पडतं.

अमेरिकी ऑनलाइन बाजारपेठेवर नाव नोंदवलंस तर डब्ल्यू-८बीईएन फॉर्म मागतील, म्हणजे तू अमेरिकेबाहेरची आहेस हे तिथल्या करासाठी सांगणारा कागद. टाळू नकोस. तो नसला तर रॉयल्टीवर ३० टक्के कर कापू शकतात. भारत-अमेरिका करारानुसार अशा रॉयल्टीवर तो १५ टक्क्यांपर्यंत येतो. त्यात तुझा पॅन द्यायचा.

त्या जर्मन बाईला आजच लिही की आठ दिवसांत व्यवस्था होते, थांबा. थांबेल ती, ब्रश चांगले आहेत तुझे, त्या पावसाच्या रेषा तर मला फार आवडल्या. रविवारी सकाळी घरी ये, पॅन आणि चालू खात्याचे कागद घेऊन. काकू तर्री-पोहे करणार आहे. खाऊन झालं की फॉर्म सोबतच भरू.

तुझा,
काका