एक्स्टेंट आणि एरिया यांची खिचडी करू नको

अरे, उपग्रहाच्या आकड्यांवरून आर्क्टिकचा समुद्री बर्फ मोजायचा तर पहिल्यांदा एक कर, एक्स्टेंट (बर्फ जिथवर पसरलाय तो सगळा विस्तार) आणि एरिया (त्यातला प्रत्यक्ष बर्फ असलेला भाग) हे दोन शब्द वेगळे ठेव, मी सुरुवातीला दोन्ही एकाच ग्राफवर टाकले आणि दोन दिवस डोकं खाजवत बसलो की आकडे जुळत का नाहीत. नकाशा ज्या चौकोनांत विभागतात त्या ग्रिडचा एक चौकोन साधारण २५ बाय २५ किमी, म्हणजे ६२५ चौ. किमी. त्यात ४० टक्के बर्फ असेल तर एरियात २५०च धरायचे, पण एक्स्टेंटमध्ये अख्खे ६२५, कारण १५ टक्क्यांच्या वर गेला की पूर्ण चौकोन बर्फाचा.

आणि फोटो बघून बर्फ मोजायचा नाद सोड. आर्क्टिकला हिवाळ्यात अंधार, बाकी वेळ ढग. म्हणून पॅसिव्ह मायक्रोवेव्ह, म्हणजे बर्फ आणि पाणी स्वतःहून जे मायक्रोवेव्ह किरण सोडतात ते मोजायचे, १९७८ च्या निंबस-७ उपग्रहापासून हेच चालू आहे. पण जून-जुलैत जपून हं, बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात आणि सेन्सरला ते सरळ समुद्राचं पाणी वाटतं, खाली मीटरभर जाड बर्फ असला तरी! त्यामुळे उन्हाळ्यात एरिया कमी दिसतो, मी तरी तेव्हा एक्स्टेंटच बघतो.

किनाऱ्यालगतचे चौकोनही संशयानेच बघ, जमिनीचा सिग्नल मिसळून उगाच बर्फ दिसतो. आणि एका दिवसाच्या उडीवर काही लिहू नको बाबा, पाच दिवसांची सरासरी काढ, मग बोलू.