चिपला हीट मारून घेण्यापूर्वी

लॅपटॉपचा पंखा फिरतो, दिवे लागतात, पण पडद्यावर आधी उभ्या रेषा आणि मग अंधार. बाहेरचा मॉनिटर जोडला तरी तेच. आणि दुकानदार म्हणतो की चिपला हीट मारून, म्हणजे गरम हवेने तापवून देतो. भुसावळहून आपण लिहिलेले हे वाचताना माझ्या जुन्या लॅपटॉपचेच दुखणे कोणी सांगत आहे असे वाटले. रॅम काढून-घालून पाहिली असेलच, असे धरून पुढे लिहितो.

आपली चिप म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारी, एनव्हिडिया कंपनीची जीफोर्स ८६००एम ही ग्राफिक्स चिप आहे. तिच्यात सोल्डरचे जोड दोन जागी असतात: पॅकेज (सिलिकॉनचा तुकडा ज्यावर बसवलेला असतो ती पट्टी) आणि मदरबोर्ड यांच्यामधले गोळे, आणि पॅकेजच्या आत सिलिकॉनच्या तुकड्याखालचे अतिसूक्ष्म टेकू. बाहेरचे शिसेविरहित गोळे साधारण २१७ अंशांना वितळू लागतात, पण आतले टेकू शिसेबहुल असल्याने त्यांना ३०० अंशांहून अधिक तापमान लागते, आणि तापण्या-निवण्याने तडे जातात ते बहुधा त्यांनाच. एनव्हिडियाने जुलै २००८ मध्ये अशा सदोष चिपांपोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. हीट मारल्यावर पडदा उजळतो, तो तडकलेले टोक प्रसरणाने तात्पुरते टेकते म्हणून. रिबॉलिंगनेही, म्हणजे चिप उचलून खालचे गोळे बदलून पुन्हा बसवण्यानेही, बाहेरचेच गोळे नवे होतात.

मला सर्वांत महाग पडले ते जिल्ह्याच्या ठिकाणचे एक सर्व्हिस सेंटर. नाव लिहीत नाही. त्यांनी पावतीवर ‘चिप बदलली’ असे लिहून नव्या चिपचे पैसे घेतले. पावसाळा लागायच्या आतच पडदा पुन्हा गेला, तेव्हा धुळ्याच्या एका कारागिराने माझ्यासमोर हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा भाग) उतरवला. चिपच्या चारही कोपऱ्यांवर कारखान्यातला लाल गोंद जसाच्या तसा होता. एका कडेला करपलेल्या फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावे म्हणून लावतात त्या द्रव्याचा) तपकिरी ओघळ तेवढा नवा होता. तो गोंद खरवडल्याशिवाय चिप उचलताच येत नाही. पावती घेऊन परत गेलो, तर कधी साहेब बाहेरगावी, कधी वॉरंटी फक्त मजुरीची. गिऱ्हाइकाला आतले काय कळते, या हिशेबावर चाललेली ही लूट आहे आणि तिचा मला आजही संताप येतो.

मी कारागीर नाही, त्यामुळे हे एका ग्राहकाचे मत समजावे. लॅपटॉपमधले आपल्या वडिलांच्या कापूस-खरेदीचे हिशेब वाचवायचे असतील, तर हार्ड डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये (यूएसबीने जोडता येणाऱ्या डबीत) घाला आणि दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्या. त्यासाठी हीट मारायची गरजच नाही. घरच्या ओव्हनमध्ये बोर्ड मुळीच ठेवू नका, कारण प्लास्टिकचे सॉकेट वितळतात, कपॅसिटर फुगतात आणि त्या ओव्हनमध्ये पुन्हा अन्न शिजवणे योग्य नाही. शिवाय चिपने ओलावा धरलेला असेल, तर अचानक तापल्यावर वाफेने तिचे थर सुटतात. जाणकार माणूस म्हणूनच बोर्ड आधी १२५ अंशांच्या आसपास काही तास सुकवतो.

चिप बदलायचीच ठरली, तर काम देण्यापूर्वी हीटसिंक काढून चिपवरच्या छापील आकड्यांचा आणि कोपऱ्यांतल्या गोंदाचा फोटो घ्या. काम झाल्यावर जुनी चिप हातात मागा, आणि नवी म्हणून बसवलेली चिप दुसऱ्या मेलेल्या बोर्डावरून काढलेली नाही ना, हे विचारा. जुनी चिप देणार नाही, असे दुकानदाराने आधीच सांगितले, तर बोर्ड उचलून जळगाव-धुळ्याकडे समोर बसवून काम करणारा कारागीर शोधा.