वॉरगेममध्ये 'चारपैकी तीन सैनिक गोळीच झाडत नाहीत' असा नियम घालावा का?

फाशांवर खेळायच्या लढाईच्या खेळात हा नियम घाला. पण गोळी न झाडणाऱ्याला भित्रा ठरवू नका, एवढ्यासाठीच लिहायला बसलो.

हा आकडा अमेरिकेचा लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल याचा. दुसऱ्या महायुद्धातल्या पायदळाबद्दल त्यानं 1947 मध्ये लिहिलं की शंभरातले जेमतेम 15 ते 25 जणच शत्रूवर फायर करतात.

मी पायदळातून हवालदार म्हणून रिटायर झालो, आता लातूरला असतो. काश्मीरात एका कॉर्डनमध्ये, म्हणजे वेढा घातलेला असताना, समोरच्या घरातून फायर आला, तेव्हा माझ्या डाव्या हाताला जालन्याकडचं एक पोरगं होतं. रेंजवर फिगर इलेव्हनच्या, म्हणजे माणसाच्या आकाराच्या, टार्गेटवर त्याचं ग्रुपिंग (गोळ्या एकाच जागी लागणं) कंपनीत सगळ्यांत चांगलं. त्या दिवशी बट खांद्याला, बोट ट्रिगरगार्डवर, आणि तसंच पडून राहिलं. खिडकीतला माणूस मला दिसत होता म्हणजे त्या पोरालाही दिसत होता. पण एलएमजीवाल्यानं (हलकी मशीनगन चालवणाऱ्यानं) मॅगझिन मागितल्या, तेव्हा हेच पोरगं उघड्या अंगणातून सरपटत गेलं. तिथं नंबर दोनच्या, म्हणजे एलएमजीवाल्याच्या मदतनिसाच्या, शेजारी पडलं आणि मग त्याची रायफल सुरू झाली.

अंबाजोगाईला एका पंगतीत मी हे सांगितलं तर आमचे दाजी चारचौघांत म्हणाले, "असल्याला सरकारनं पगार कशाला द्यावा?" दाजी, भेकड माणूस गोळ्यांखाली अंगण ओलांडत नाही. जिवाची भीती वेगळी आणि माणसावर नेम धरायला मन न धजणं वेगळं.

म्हणून गेममध्ये मोराल (हिंमत) आणि फायर करण्याची तयारी यांचे आकडे वेगळे ठेवा. एलएमजीला पूर्ण फायर द्या. दोघा-तिघांनी मिळून चालवायचं हत्यार गप्प राहत नाही, हे मार्शलनंही लिहिलंय. सेक्शन कमांडर (छोट्या तुकडीचा म्होरक्या) शेजारी असला तर रायफलवाल्याचा फासा सोपा करा. जो फायर करत नाही त्याला दारूगोळा पोचवू द्या, जखमी उचलू द्या.

आकड्यावर मात्र फार विसंबू नका. रॉजर स्पिलर या इतिहासकारानं 1988 मध्ये दाखवून दिलं की मार्शलच्या वह्यांत अशी मोजणी केल्याची खूणच सापडत नाही. कोरियाच्या लढाईत तर खुद्द मार्शलनंच हे प्रमाण निम्म्याच्या वर सांगितलं. आणि मी बोलतोय ते पायदळाचं. तोफखान्यात समोरचा माणूस दिसतच नाही.

गेम तयार झाला की एक प्रत मला विकत द्या. दाजींच्या हातात ठेवायची आहे.