अमेरिकेत पोस्टडॉकसाठी येताना : संशोधन-नैतिकतेच्या सक्तीच्या प्रशिक्षणाविषयी

नमस्कार. पुण्यातली जीवरसायनशास्त्राची पीएचडी संपवून तुम्ही अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून रुजू होणार आहात आणि नियुक्तीपत्राच्या शेवटी जोडलेली प्रशिक्षणांची यादी पाहून तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत : पीएचडीच्या वेळी केलेला यूजीसीचा ‘रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स’ हा अभ्यासक्रम तिथे ग्राह्य धरतात का, ही सगळी प्रशिक्षणे निघण्याआधी घरबसल्या उरकता येतील का, आणि नाही केली तर खरोखर काही अडते का. मी बऱ्याच वर्षांपासून इथे मध्य-पश्चिमेतल्या एका विद्यापीठात जैववैद्यकीय संशोधन करतो आणि आमच्या विभागात या प्रशिक्षणाचा एक चर्चागटही चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, पण त्याचे कारण समजून घेतले तर बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते. यूजीसीने २०१९ च्या अखेरीस पीएचडीसाठी सक्तीचा केलेला दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम विषयाच्या दृष्टीने इथल्यापेक्षा फारसा वेगळा नाही. मात्र अमेरिकेत फेडरल सरकारचा निधी संशोधकाला व्यक्ती म्हणून मिळत नाही, तो विद्यापीठाला मिळतो, आणि आमच्याकडे या निधीवर काम करणाऱ्यांना योग्य प्रशिक्षण दिले जाते अशी हमी त्या विद्यापीठाने सरकारला दिलेली असते. जी हमी विद्यापीठाने स्वतःच्या नावावर दिली आहे, ती दुसऱ्या देशातल्या प्रमाणपत्राच्या भरवशावर पाळली असे त्याला दाखवता येत नाही. तुमचा अभ्यास वाया जात नाही. फक्त कागद चालत नाही.

म्हणूनच तुमच्या होणाऱ्या पीआयला, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख संशोधकाला, सर्वांत आधी विचारण्याचा प्रश्न ‘मला कोणती प्रशिक्षणे करावी लागतील’ हा नसून ‘माझा पगार कोणत्या अनुदानातून निघणार आहे’ हा आहे. सक्ती पैशाच्या मागोमाग येते. नॅशनल सायन्स फाउंडेशनचा, म्हणजे एनएसएफचा पैसा असेल, तर ‘रिस्पॉन्सिबल कंडक्ट ऑफ रिसर्च’, ज्याला सगळे आरसीआर म्हणतात, त्याचे प्रशिक्षण प्रत्येक पोस्टडॉकला बंधनकारक आहे. २००७ च्या अमेरिका कॉम्पीट्स कायद्याने ही अट घातली, जानेवारी २०१० पासून ती विद्यार्थी आणि पोस्टडॉक यांना लागू झाली, आणि २०२२ च्या चिप्स अँड सायन्स कायद्यानंतर ३१ जुलै २०२३ पासून प्राध्यापक आणि इतर वरिष्ठ संशोधकही तिच्या कक्षेत आले. प्रशिक्षण किती तासांचे आणि कोणत्या पद्धतीचे असावे हे एनएसएफ ठरवत नाही, ते विद्यापीठावर सोडते. त्यामुळे कुठे ते दोन तासांत संगणकासमोर संपते, तर कुठे सत्रभर चालते. कृषी खात्याच्या निधीवरही अशीच अट आहे.

नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचा, म्हणजे एनआयएचचा मामला निराळा आहे आणि जीवरसायनवाल्यांची गाठ बहुधा याच्याशीच पडते. एनआयएचच्या नियमानुसार किमान आठ तासांचे प्रशिक्षण प्रत्यक्ष चर्चेच्या रूपाने व्हावे लागते, कारकिर्दीच्या प्रत्येक टप्प्यावर एकदा तरी ते घ्यावे लागते आणि दोन प्रशिक्षणांत चार वर्षांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. निव्वळ ऑनलाइन धडे वाचून आणि प्रश्नमंजूषा सोडवून ही अट पुरी होत नाही, हे एनआयएचने स्वच्छ शब्दांत सांगितलेले आहे. पण यात एक मेख आहे. ही आठ तासांची अट प्रशिक्षण-अनुदाने, फेलोशिप आणि कारकीर्द-विकासाचे पुरस्कार यांवर असलेल्यांसाठी आहे. पीआयच्या नेहमीच्या आर-झिरो-वन अनुदानातून पगार घेणाऱ्या पोस्टडॉकवर ती थेट लागू होत नाही. टी-थर्टीटू (प्रशिक्षण-अनुदान) आणि एफ-थर्टीटू (पोस्टडॉकची फेलोशिप) या योजना अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरत्याच असल्यामुळे जे-वन किंवा एच-वन-बी व्हिसावर आलेल्या आपल्या लोकांना त्या मिळतच नाहीत. म्हणजे नियमाच्या काटेकोर अर्थाने तुम्ही त्या आठ तासांतून कदाचित सुटाल. अर्थात अनेक विद्यापीठे भेद न करता सगळ्याच पोस्टडॉकना तिथे बसवतात, हा भाग वेगळा.

माझा सल्ला असा, की सुटत असलात तरी सुटू नका. याचे व्यावहारिक कारण म्हणजे एनआयएचचा के-नाइन्टीनाइन हा पुरस्कार. स्वतंत्र प्राध्यापकीच्या वाटेवरचा हा पुरस्कार परदेशी नागरिकांनाही मिळू शकतो आणि त्याच्या अर्जात आरसीआर प्रशिक्षणाचा आराखडा स्वतंत्रपणे जोडावा लागतो. प्रशिक्षणाचे स्वरूप काय, विषय कोणते, त्यात प्राध्यापकांचा सहभाग किती, एकूण तास किती आणि पुन्हा केव्हा, असे पाच मुद्दे त्यात मांडायचे असतात, आणि परीक्षक ते वाचून ‘स्वीकारार्ह’ की ‘अस्वीकारार्ह’ असा शेरा देतात. आधीचे चर्चासत्र झालेले असले, की हे पान लिहिताना शब्दांची जुळवाजुळव करावी लागत नाही.

दुसरे कारण त्या चर्चेतच आहे. आमच्या गटात सात-आठ जण टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येकाच्या हातात एका पानाची केस असते. एक उदाहरण देतो. एका पोस्टडॉकच्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिने ओळखण्याच्या चाचणीच्या चित्रात, मधली एक लेन (एका नमुन्याचा उभा रकाना) खराब आली आहे. पीआय सांगतो, ‘ती काढून टाक आणि चित्र जरा स्वच्छ कर’. लेख दोन दिवसांत पाठवायचा आहे. संपूर्ण चित्राचा उजळपणा सारखा वाढवला तर चालते, एकाच पट्ट्याचा वाढवला तर तो फेरफार ठरतो. लेन काढली तर जोडाच्या जागी रेघ दिसली पाहिजे आणि चित्राखालच्या मजकुरात तसे लिहिले पाहिजे. मूळ फाइल जशीच्या तशी जपली पाहिजे. हे तांत्रिक उत्तर आपल्याकडून आलेल्या मुलामुलींना बहुतेक वेळा येते. पुढचा प्रश्न असतो, ‘पीआयला तुम्ही नेमके काय म्हणाल?’, आणि तिथे गाडी अडते. ‘सर सांगतील तसे करू’ हे उत्तर या टेबलावर उत्तर मानले जात नाही, कारण चित्र ज्याने तयार केले त्याची जबाबदारी वरिष्ठाच्या सांगण्यामुळे संपत नाही. लेखकांच्या नावांचेही तसेच. विभागप्रमुखांचे नाव आदरापोटी घालण्याची पद्धत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही (इथेही ती नाही असे कुणी छातीठोकपणे सांगू नये). पण ती चुकीची का आहे हे बारा देशांतून आलेल्या सहकाऱ्यांसमोर बोलून मांडावे लागणे हा अनुभव पडद्यावरच्या चौकटीत टिचकी मारण्याने मिळत नाही.

आता घरबसल्या काय होऊ शकते ते पाहू. ऑनलाइन भाग बहुतेक ठिकाणी सिटी (CITI) नावाच्या संकेतस्थळावरून होतो आणि विद्यापीठाचे लॉगिन मिळाल्यावरच तो तुमच्या नावावर नोंदला जातो. हे लॉगिन सहसा नियुक्तीची कागदपत्रे पूर्ण झाल्यावर मिळते. काही ठिकाणी ते रुजू होण्याच्या थोडे आधीही देतात, तेवढी चौकशी करा. भारतात एखाद्या चाचणीच्या किंवा संस्थेच्या निमित्ताने तुम्ही सिटीवर आधीच खाते उघडले असेल, तर नवे उघडू नका. जुन्याच खात्याला नवे विद्यापीठ जोडा, म्हणजे दोन्हीकडे सामाईक असलेले धडे पुन्हा करावे लागत नाहीत.

तुमच्या यादीतली सगळी नावे आरसीआरची नाहीत, हेही लक्षात घ्या. रुग्णांचे नमुने किंवा ओळख पटू शकेल अशी माहिती हाताळायची असेल, तर मानवी सहभागींच्या संरक्षणाचे प्रशिक्षण वेगळे असते, आणि आयआरबीने, म्हणजे माणसांवरील संशोधनाला मंजुरी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीने, तुमचे नाव त्या प्रकल्पात घातल्याशिवाय तुम्हाला ती माहिती उघडूनही पाहता येत नाही. टस्कीगीचा, कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता १९३२ ते १९७२ असा चाळीस वर्षे चाललेला सिफिलिस-अभ्यास, त्यानंतरचा संशोधनातल्या माणसांच्या संरक्षणाचा १९७४ चा कायदा आणि त्याची नैतिक तत्त्वे मांडणारा १९७९ चा बेलमाँट अहवाल हा इतिहास त्यात सविस्तर येतो, आणि तो मन लावून वाचण्यासारखा आहे. क्लिनिकल ट्रायलमध्ये काम असेल तर जीसीपीचे, म्हणजे ‘गुड क्लिनिकल प्रॅक्टिस’चे, प्रशिक्षण आणखी वेगळे आणि दर तीन वर्षांनी. उंदरांवर काम असेल तर प्राण्यांच्या समितीचे, मानवी रक्त किंवा ऊती असतील तर रक्तजन्य रोगजंतूंपासूनच्या सुरक्षिततेचे, आणि हे शेवटचे दर वर्षी.

हितसंबंधांच्या जाहीरनाम्याकडे मात्र नवे लोक हमखास दुर्लक्ष करतात. एनआयएचच्या निधीवरील प्रकल्पाची आखणी, काम किंवा अहवाल यांची जबाबदारी असणाऱ्या प्रत्येकाला काम सुरू करण्याआधी आणि नंतर किमान दर चार वर्षांनी हितसंबंधांविषयीचे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि आपल्या कामाशी संबंधित ५,००० डॉलरच्या वरचे आर्थिक हितसंबंध जाहीर करावे लागतात. त्यात पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यांचेही हितसंबंध धरतात, म्हणजे तुमच्या यजमानांचा पुण्यात एखादा बायोटेक स्टार्टअप असेल तर तोही विचारात घ्यायला हवा. अमेरिकी विद्यापीठाकडून मिळालेल्या व्याख्यानाच्या मानधनाला सूट आहे, परदेशी विद्यापीठाकडून मिळालेल्याला नाही, आणि या हिशेबात भारत परदेश आहे. पुढे स्वतःच्या नावाने अर्ज कराल तेव्हा भारतातले चालू असलेले पद, मग ते बिनपगारी आणि मानद का असेना, बायोस्केचमध्ये (अर्जासोबतच्या संक्षिप्त परिचयपत्रात) दाखवावे लागते. हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स लीबर डिसेंबर २०२१ मध्ये दोषी ठरले ते चीनशी संबंध ठेवल्याबद्दल नव्हे, तर त्या संबंधांविषयी सरकारला खोटे सांगितल्याबद्दल आणि ते उत्पन्न कर-विवरणात लपवल्याबद्दल. भारत इथल्या ‘चिंताजनक देशां’च्या यादीत नाही, पण जाहीर करण्याचे बंधन सगळ्याच देशांशी असलेल्या संबंधांना सारखे आहे. रिसर्च सिक्युरिटी म्हणून जे प्रशिक्षण तुमच्या यादीत आहे ते याच संदर्भातले असून प्रामुख्याने अर्ज करणाऱ्या वरिष्ठ संशोधकांसाठी आहे. तुम्हाला ते करायला सांगितले तर करून टाका.

तिसरा प्रश्न अडण्याचा. प्रशिक्षण राहिले म्हणून कुणी व्हिसा रद्द करत नाही. पण प्रयोगशाळेच्या दाराचे कार्ड चालू होत नाही, प्राणीगृहात प्रवेश मिळत नाही, आयआरबीकडे प्रकल्पात तुमचे नाव घालण्याचा बदल अडून राहतो, आणि काही विद्यापीठे तर तुमचा पगार त्या अनुदानावर टाकणेच थांबवतात. त्यामागची धास्ती कल्पनेतली नाही. खोट्या आकडेवारीवर मिळवलेल्या अनुदानांच्या प्रकरणात ड्यूक विद्यापीठाने २०१९ मध्ये सरकारला ११ कोटी २५ लाख डॉलर दिले, आणि व्हरमाँट विद्यापीठातल्या एका संशोधकाला २००६ मध्ये एक वर्ष आणि एक दिवसाची कैद झाली. प्रामाणिक चूक किंवा मतभेद हा मात्र गैरवर्तनात मोडत नाही, असे नियमातच लिहिलेले आहे. बनावट आकडे, फेरफार आणि वाङ्मयचौर्य हे तीनच प्रकार त्यात येतात, आणि तेही जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने केलेले.

निघण्यापूर्वी करण्यासारखे काम सामानाच्या बॅगेशी संबंधित आहे. प्लाझमिड, जिवाणू, रुग्णांचे नमुने यांपैकी काहीही ओळखीवर, खिशात घालून आणू नका. भारतातले जैविक साहित्य बाहेर नेण्याला २००२ च्या जैवविविधता कायद्याची आणि आरोग्यविषयक परदेशी सहकार्याला सरकारी तपासणी समितीची चौकट आहे, आणि इथे उतरताना आयातीचे परवाने लागू शकतात. दोन्ही संस्थांमध्ये साहित्य-हस्तांतराचा करार करून घ्या. त्याला महिने लागतात, म्हणून पत्रव्यवहार आत्ताच सुरू करा. पीएचडीच्या प्रयोगवह्यांविषयीही गाइडशी बोलून, मूळ प्रती कुठे राहतील आणि तुमच्याकडे काय असेल, हे ईमेलवर नोंदवून घ्या. इथून परत जाताना हाच प्रश्न उलट दिशेने येईल, कारण इथल्या वह्या विद्यापीठाच्या मालकीच्या असतात आणि तुम्हाला फार तर त्यांच्या प्रती परवानगीने नेता येतात.

पीआयला पाठवायच्या ईमेलमध्ये एवढेच विचारा : पगार कोणत्या अनुदानातून आहे, प्रकल्पात माणसे, प्राणी किंवा मानवी ऊती आहेत का, लॉगिन केव्हा मिळेल, आणि आरसीआरचे प्रत्यक्ष चर्चासत्र वर्षातून केव्हा असते. हे शेवटचे नक्की विचारा. अनेक ठिकाणी ते वर्षातून एकदाच भरते, आणि जागा लवकर संपतात.