यादीत नाव दिसतंय, मग कोड ‘नाही’ का म्हणतोय?

प्रोग्राम लिहिताना लिस्टमध्ये (म्हणजे यादीत) अमुक आहे का ते कसं बघायचं, यावर सांगली-साताऱ्याकडून सारखे तेच मेसेज येतायत, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तर देतो.

पायथनमध्ये त्यासाठी लूप लिहायलाच लागतो का? (मिरज)
नाही. ‘इन’ वापरा, ते आहे तर ट्रू, नाही तर फॉल्स सांगतं.

जावास्क्रिप्टमध्ये इंडेक्सऑफ की इन्क्लूड्स? (विटा)
इन्क्लूड्स. इंडेक्सऑफ जागेचा क्रमांक देतो, हा थेट आहे की नाही ते सांगतो. २०१६ पासून आहे, आणि इंडेक्सऑफला न सापडणारं ‘नॅन’ (‘आकडा नाही’ असं मूल्य) पण याला सापडतं.

क्लासमध्ये सांगितलं, लिस्ट स्लो असते, सगळीकडे सेटच वापरा. (तासगाव)
हे अर्धवट ऐकीव ज्ञान आहे. लिस्ट पहिल्यापासून एकेक तपासत जाते आणि सेट (एक गोष्ट एकदाच ठेवणारा संग्रह) हॅशवरून (मूल्यावरून काढलेल्या आकड्यावरून) बहुतेक वेळा थेट जागेवर पोचतो, हे खरं, पण वीस नावांत एकदा शोधायला काय फरक पडणार? लाखभर नोंदींत परत परत शोधायचं असेल तर सेट करा, तोही लूपच्या बाहेर एकदाच. सेटमध्ये क्रम आणि डुप्लिकेट जातात हे भरमसाट फी घेणाऱ्यांनी सांगायला नको का? आधी वेळ मोजा, मग सरांशी बोला.

शेतकऱ्यांच्या यादीत ‘कऱ्हाड’ समोर दिसतंय तरी ‘इन’ फॉल्स देतंय, दोन महिने झाले. (सातारा)
दोन महिने थांबलात कशाला? अहो, त्या फॉल्समुळे कुणाचं तरी नाव यादीतून गळतंय! ‘ऱ’ हे अक्षर एकाच कोडचं (कोड म्हणजे कॉम्प्युटरमधला अक्षराचा क्रमांक) असतं, नाहीतर ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) असं दोन कोडचं, आणि काही कीबोर्ड तर ‘ऱ्’साठी ‘र’, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि न दिसणारा जॉइनर (जोडणारी खूण) असं टाकतात, स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटर कोड जुळवतो, त्याला दिसण्याशी देणंघेणं नाही. नाव अ‍ॅस्की फंक्शनला देऊन बघा, ते अक्षरांचे कोड दाखवतं, एकात ०९३१ दिसेल, दुसऱ्यात ०९३० आणि ०९३सी. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझने दोन्हीकडची नावं एनएफसी (जोडलेलं एकच ठरावीक रूप) करा, पहिले दोन प्रकार जुळतील. जॉइनरवाला जुळत नाही, तो वेगळा बदलावा लागतो. शेवटची स्पेस स्ट्रिपने काढा, आणि पिनकोड एकीकडे आकडा, दुसरीकडे टेक्स्ट असला तरी फॉल्सच येणार. मात्र मूळ फाइलची कॉपी ठेवल्याशिवाय कशालाच हात लावू नका, आणि बदललेली नावं यादी भरणाऱ्या माणसाला दाखवा, आजच.

जावात स्वतःच्या क्लासचा ऑब्जेक्ट कंटेन्सला (लिस्टमध्ये आहे का बघणाऱ्याला) सापडत नाही. (पलूस)
दोन ऑब्जेक्ट सारखे का ते ठरवणारं इक्वल्स ओव्हरराइड करा, म्हणजे आपल्या क्लासमध्ये स्वतः लिहा, सोबत हॅश देणारं हॅशकोडही, नाहीतर हॅशसेटमध्ये (जावाच्या सेटमध्ये) हाच घोळ होईल. कंपनीचा कोड असेल तर आधी सिनियरला दाखवा.