कामावरून काढलेला पक्षकार आला की

अरे, पक्षकार ‘मला परत कामावर घ्यायला लावा’ म्हणाला की लगेच दावा टाईप करायला बसू नकोस. आधी विचार, तो रोज नेमकं काय करायचा? कार्डावर ‘मॅनेजर’ छापलं म्हणून कोणी मॅनेजर होत नाही. हाताखाली कोण होतं, रजा कोण मंजूर करायचं, हे खोदून काढ. कामगार ठरत असेल तर कामगार न्यायालयाची वाट. खरोखरच अधिकारी असेल आणि कंपनी खासगी, तर दिवाणी न्यायालय सहसा पुन्हा कामावर घ्या असा हुकूम देत नाही. मिळते ती भरपाई, बहुतेकदा नोटिशीच्या काळाच्या पगाराइतकी. हे पहिल्याच भेटीत सांग. फी गेली तरी चालेल.

थकलेल्या पगाराच्या दाव्याला मुदत 3 वर्षं, आणि ती प्रत्येक महिन्याचा पगार देय झाल्यापासून वेगळी. इथे मीही एकदा फसलोय.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023च्या कलम 63चं प्रमाणपत्र, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात चालावा म्हणून लागणारं, सुरुवातीलाच करून ठेव. त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि असा तज्ज्ञ ऐनवेळी सापडत नाही. शिवाय जुना फोन विकायचा नाही, हे पक्षकाराला दोनदा बजाव.