कॉर्निया प्रत्यारोपणात शस्त्रक्रियेच्या तंत्रामुळे कलमाचा आकार का बदलतो?

मुख्य फरक दात्याच्या कॉर्नियाची (डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याची) चकती, म्हणजेच कलम, कुठल्या बाजूने कापली यामुळे पडतो. एन्डोथेलियमच्या, म्हणजे आतल्या बाजूने पंचने (गोल पात्याने) कापली तर त्याच मापाच्या पात्याने समोरून कापलेल्या चकतीपेक्षा ती किंचित लहान निघते. म्हणून रुग्णाच्या डोळ्यात ७.७५ मिमीचे छिद्र असेल तर दात्यासाठी साधारणपणे ८ मिमीचा पंच घेतात. फरक ०.५ मिमी ठेवला तर कलम जास्त फुगीर होऊन मायोपिया (लघुदृष्टी) वाढतो. केरॅटोकोनसमध्ये (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो त्या आजारात) म्हणूनच काही सर्जन दोन्ही माप सारखेच ठेवतात.

रुग्णाच्या डोळ्यात छिद्र कापणारा ट्रेफाइन (गोल पात्याचे हत्यार) तिरका धरला की छिद्र लंबगोल होते. त्यात गोल चकती शिवली की दृष्टिवैषम्य (वेगवेगळ्या अक्षांत वक्रता वेगळी असल्याने येणारा दृष्टिदोष) आलेच. कृत्रिम अग्रकक्षावर (दात्याचा कॉर्निया बसवून आतून दाब देणाऱ्या उपकरणावर) समोरून कापताना आतला दाब कमी-जास्त झाला तरी कडा तिरकी उतरते.

टाक्यांमध्ये दुसरा टाका सर्वात नाजूक, माझ्या मते पहिल्यापेक्षाही. तो पहिल्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर नसेल तर एका बाजूला ऊती गोळा होते, दुसरीकडे ताणली जाते. १०-० नायलॉनचा (अतिशय बारीक धाग्याचा) घट्ट टाका त्या अक्षात मध्यभागाची वक्रता वाढवतो. फेम्टोसेकंद लेझरने (अत्यल्प काळाच्या प्रकाश-स्पंदांनी कापणाऱ्या लेझरने) कडा नेमक्या जुळतात, पण शिवण असमान असेल तर त्याचाही फारसा उपयोग नाही.